दोन नंबरच्या कॅबिनेटची ट्यूब

तक्रार दीड पानाची होती आणि तिच्यात एकही विशेषण जास्तीचं नव्हतं. संशोधिकेच्या वहीत पान एकेचाळीसपासून आकड्यांचे दोन रकाने आहेत. ते दोन वेगळ्या जिवाणूंचे असायला हवेत. ते इतके सारखे आहेत की एक तर एकच नळी दोनदा मोजली गेली, किंवा एकच रकाना दोनदा लिहिला गेला. यांपैकी काहीही घडलेलं असो, संशोधिकेला बंद प्रयोगशाळेत काम करू देणं योग्य नाही. खाली विभागप्रमुखांची सही.

विभागप्रमुख म्हणजे संशोधिकेची नणंद.

संशोधिकेला सगळी संस्था 'वहिनी' म्हणायची. तीन वर्षांपूर्वी, कॉलेजात अकरा वर्षं प्रॅक्टिकलं घेऊन झाल्यावर, ती इथे पीएचडीला आली. पहिल्याच दिवशी नणंदेने ओळख करून दिली, "या आमच्या वहिनी. जरा जपून बोला, घरी जाऊन सांगतील." सगळे हसले आणि नाव चिकटलं. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले संचालकही आता वहिनीच म्हणत.

नणंदेला सगळे 'मॅडम' म्हणत, वहिनीसुद्धा. घरी मात्र वहिनी तिला 'वन्सं' म्हणायची. त्या घरात हा शब्द आधी कोणी वापरत नव्हतं. लग्नानंतर तीन महिन्यांनी, पहिल्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी, वहिनीने तो सुरू केला, आणि इतक्या आदराने की मॅडमना हरकत घ्यायला जागाच उरली नाही. दोघी एकाच इमारतीत राहत, मॅडम वरच्या मजल्यावर, वहिनी आणि तिचा नवरा खालच्या. दोघी एकमेकींना 'अहो-जाहो' करत. "माझ्या घरातल्या दोन बायका एकमेकींना मान देतात," नवरा म्हणायचा, "आणि मला दोघी अरे-तुरे करतात. यातच ओळखा."

भांडण या वेळी एका जिवाणूवरून होतं. हा जिवाणू गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांत राहतो, त्यांना गाभ टाकायला लावतो, आणि त्यांच्याकडून माणसात येतो. माणूस सहसा मरत नाही. महिनोन् महिने ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, आणि मग सांधे धरतात. अशा जिवाणूवर काम करायचं तर बंद प्रयोगशाळेत, दोन दारांच्या आड, डोक्यावर गाळलेली हवा पुरवणारी टोपी आणि हातात दोन-दोन हातमोजे घालून करावं लागतं. आत जायला कार्ड लागतं. ते गेलं की काम संपलं.

मॅडमची बारा वर्षं या जिवाणूतल्या एका एन्झाइमवर गेली होती. बाहेर काय चाललंय याची खबर घ्यायची, शेजारच्या प्रथिनाला फॉस्फेटचा एक तुकडा चिकटवायचा, त्याने तो पुढच्याला द्यायचा, असं त्याचं काम. हा निरोप आत पोचला की जिवाणू हल्ल्याची तयारी करतो. प्रयोगशाळेत या एन्झाइमला 'निरोप्या' म्हणत. मॅडमनी निरोप्या काढून टाकलेला जिवाणू तयार केला होता. त्याचं नाव 'मवाळ', मूळच्याचं 'दांडगा'. दोघांना पेशींवर सोडायचं आणि दोन दिवसांनी पेशींच्या पोटात कोण किती उरलंय ते मोजायचं. दांडगा मवाळच्या दहापट निघायचा. या दहापटीवर मॅडमचे एकवीस निबंध आणि लशीचा एक मोठा प्रकल्प उभा होता.

वहिनीला सोपं काम दिलं होतं. हीच दहापट दुसऱ्या जातीच्या पेशींत दाखवायची. तिने एकोणीस वेळा प्रयोग केला आणि एकोणीस वेळा दांडगा आणि मवाळ सारखे आले.

"वहिनी, दहापट कुठे गेली?" मॅडमनी सगळ्यांदेखत विचारलं होतं.

"मला सापडली नाही, मॅडम."

"हरवायला ती काय रुमाल आहे?"

त्यानंतर आठवड्याभरात तक्रार झाली.

*

चौकशी समितीत तिघं होते. दोघं बहुतेक वेळ गप्प बसत. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक होते आणि त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नसे. ज्याचं म्हणणं ऐकायचं नाही त्याच्याकडे ते डावा कान करून बसतात, असं संस्थेत बोललं जाई. पहिल्या बैठकीत त्यांचा डावा कान वहिनीकडे होता.

"वाद कशाला," ते म्हणाले. "प्रयोग परत करा. सगळ्यांसमोर."

तो बुधवारी झाला. मॅडमच्या एक नंबरच्या कॅबिनेटमध्ये, कारण कॅमेरा तिथेच होता. कॅबिनेट म्हणजे पुढून अर्धी उघडी काचेची पेटी. पंखा हवा आत ओढतो, गाळून सोडतो, आणि वर पांढरी ट्यूब असते. पेशी वहिनीच्या, नळ्या वहिनीच्या, हात वहिनीचे. बाहेरच्या खोलीत पडद्यासमोर अध्यक्ष आणि मॅडम. काम चार तास चाललं. एकदा फक्त मॅडमचा आवाज टोपीतल्या स्पीकरमधून आला, "नळीचं झाकण कॅबिनेटबाहेर ठेवू नका. पहिल्या वर्षाच्या पोरी ठेवतात."

झाकण कॅबिनेटच्या आतच होतं. वहिनीने ते काचेजवळ उचलून कॅमेऱ्याला दाखवलं आणि परत जागेवर ठेवलं.

सहा दिवसांनी थाळ्यांवर उगवलेल्या जिवाणूंच्या वसाहती, म्हणजे ठिपके, मोजल्या. दांडगा मवाळच्या अकरापट होता.

वहिनीने स्वतः दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजताना तिचा अंगठा मोजणीच्या बटणावरून घसरला आणि तिला पुन्हा सुरुवात करावी लागली.

"सापडली?" मॅडमनी विचारलं.

*

त्या संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एक जुनं पाकीट घेऊन बसली. पाकिटाच्या पाठीवर तिने एक नंबरचं कॅबिनेट आणि तिचं स्वतःचं दोन नंबरचं यांच्यातले फरक लिहायला घेतले. पंखा. खुर्चीची उंची. पिपेट. पेशींची बाटली उघडल्याची तारीख. दहा झाले. एकेक खोडत गेली आणि दहाही खोडून झाले.

नवरा समोरच्या खुर्चीवर उजवा पाय लांब करून बसला होता. तो गुरांचा डॉक्टर. नऊ वर्षांपूर्वी याच जिवाणूने त्याला चौदा महिने तापवलं होतं आणि जाताना उजवा खुबा कायमचा धरून ठेवला होता. तेव्हापासून तो गुरांकडे मोटारीने आणि बाकी सगळीकडे सायकलने जायचा, कारण बसून चालवता येतं ते सगळं त्याला बरं वाटायचं.

वरून मॅडम आल्या. हातात एक कागद होता.

"चहा?" नवऱ्याने विचारलं.

"नको दादा. दोन मिनिटांचं काम आहे." त्यांनी कागद पाकिटावर ठेवला. "नळ्यांची अदलाबदल नजरचुकीने झाली, असं लिहिलंय. सही करा. समिती सोमवारी हे वाचेल आणि विषय संपेल."

"आणि पीएचडी?"

"ती तर गेलीच. पण वेंधळी म्हणून जाईल, खोटारडी म्हणून नाही. कॉलेजात परत शिकवता येईल. वेंधळ्यांना घेतात तिथे."

"छोटे," नवरा म्हणाला.

"तू मध्ये पडू नकोस. तूच म्हणाला होतास, हिला घे, हुशार आहे. मी घेतलं."

"वन्सं," वहिनी म्हणाली, "एकोणीस वेळा नजर चुकली, असं लिहिलंय का यात?"

"एकदा चुकली की पुढचं सगळं तसंच. मूळ नळीच चुकीची असेल."

"मग बुधवारी त्याच मूळ नळीतून अकरापट कशी आली?"

मॅडमनी कागद बोटाने आणखी पुढे सरकवला. "सोमवारी दहा वाजता," म्हणाल्या आणि गेल्या.

वहिनी कपाळ धरून बसली. नवरा सवयीने उठला, भिंतीला धरत बटणापर्यंत गेला आणि त्याने वरची ट्यूब बंद केली. ओट्याजवळचा पिवळा बल्ब तेवढा राहिला. हे त्या घरात पंधरा वर्षं चालत आलं होतं. वहिनीला अर्धशिशी होती. पांढऱ्या ट्यूबखाली तासभर काम केलं की डावा डोळा फुटायला यायचा.

तिने हात खाली घेतला आणि ट्यूबकडे पाहिलं.

अकरावा फरक तिने लिहिला नव्हता. तो ती विसरली नव्हती. तो लिहिणं म्हणजे कबुलीजबाब होता. बंद प्रयोगशाळेच्या परवान्यासाठी तब्येत ठणठणीत लागते. अर्धशिशी तिने अर्जात लिहिली नव्हती. आणि दोन नंबरच्या कॅबिनेटची ट्यूब आणि त्या खोलीतला दिवा, दोन्ही बंद ठेवून ती तीन वर्षं काम करत आली होती. खोलीच्या एकुलत्या एका खिडकीला मधाच्या रंगाची फिल्म लावलेली होती, तिच्यातून कॉरिडॉरचा जेमतेम उजेड यायचा. बाहेरच्या दारापाशी बसणाऱ्या सुरक्षा अधिकाऱ्याला आतलं दिसत नसे. तो दर अर्ध्या तासाने इंटरकॉमवर फक्त "ठीक?" विचारायचा. ती "ठीक" म्हणायची.

"तुला तो ताप आला," तिने नवऱ्याला विचारलं, "त्या दिवशी नक्की काय झालं होतं?"

"किती वेळा सांगू? गाय पहाटे गाभडली. वासरू त्यांनी गोठ्याबाहेर टाकलेलं. मी पोचलो तेव्हा दुपारचा एक. भर उन्हात पडलेलं. हातमोजे गाडीत राहिले होते."

"किती वेळ उन्हात?"

"सहा-सात तास. का?"

मॅडमच्या एका जुन्या व्याख्यानात एका विद्यार्थिनीने भीत भीत विचारलं होतं, की निरोप्याचा एक भाग झाडांमधल्या उजेड ओळखणाऱ्या प्रथिनासारखा दिसतो, तर हा जिवाणू उजेड ओळखत असेल का? मॅडमनी हॉलकडे पाहून विचारलं होतं, "गाईच्या पोटाला खिडक्या असतात का?" हॉल हसला होता. वहिनीही हसली होती. नंतर कोणी तो प्रश्न विचारला नाही.

"पोटात उजेड नसतो," वहिनी म्हणाली. "पण वासरू बाहेर पडतं तेव्हा असतो. खबर तीच असेल तर? उजेड दिसला म्हणजे बाहेर आलो, आता नवं जनावर शोधायचं."

"किंवा नवा डॉक्टर," नवरा म्हणाला.

*

सुरक्षा अधिकाऱ्याला संस्थेत 'कुलूप' म्हणत. त्याच्या समोर म्हटलं तरी त्याची हरकत नसे.

"दोन नंबरचं गेल्या वर्षीचं सर्व्हिस शीट हवंय," वहिनी त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली.

कुलूपने कपाट उघडलं, फाइल काढली, पान उघडलं आणि फाइल स्वतःकडेच ठेवली. "पंखा सहाशे बारा तास. ट्यूब नऊ तास."

"मीटर बरोबर आहे?"

"मीटर माझं आहे." तो तिच्याकडे पाहत राहिला. "ट्यूब कोरी निघाली. कंपनीचा माणूस म्हणाला, इथे घुबड काम करतं का? मी तेव्हाच लिहून वर पाठवलं. सही होऊन आलं. सही झाली की माझ्याकडून विषय संपतो."

"कुणाची सही?"

त्याने फाइल फिरवली. शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द होता, 'पाहिले'. खाली मॅडमची सही, चौदा महिन्यांपूर्वीची.

"याची प्रत मिळेल?"

"लेखी मागितलीत तर मिळेल. नियम पाच, लेबल स्पष्ट वाचता येईल इतका उजेड असल्याशिवाय कॅबिनेटमध्ये हात घालायचा नाही. तुम्ही लेखी मागितलं की मला लेखी कळलं. मला लेखी कळलं की तुमचं कार्ड मी काढून घेणार. आज नाही, समिती झाल्यावर. पण घेणार."

"आणि मी मागितलं नाही तर?"

"तर मी घुबडाबद्दल काही ऐकलेलं नाही."

म्हणजे हिशोब सरळ होता. गप्प बसली तर ती खोटारडी किंवा वेंधळी. बोलली तर आकडे खरे ठरण्याची शक्यता होती, पण कार्ड नक्की जाणार होतं. टेबलावर त्याचंच पेन पडलं होतं. तिने अर्ज लिहिला, तारीख घातली, आणि त्याच्यासमोर ठेवला.

"अक्षर चांगलं आहे," कुलूप म्हणाला, आणि शिक्का मारला.

*

रविवारी जिन्यात गाठ पडली. मॅडम वर जात होत्या, वहिनी खाली. दोघी मधल्या पायरीवर थांबल्या.

"अर्ज दिलात म्हणे."

"तुम्हाला माहीत होतं," वहिनी म्हणाली. "चौदा महिने."

"तुमचं डोकं दुखतं हे मला पंधरा वर्षं माहीत आहे. ते शीट आलं तेव्हा वर पाठवायला हवं होतं. त्याच दिवशी तुम्ही बाहेर गेला असतात. सही केली आणि गप्प बसले. घरचं माणूस म्हणून."

"मग तक्रारीत अंधार का नाही लिहिलात? एकच रकाना दोनदा लिहिला असं लिहिलंत."

"एकच नळी दोनदा मोजली असंही लिहिलंय. अंधारात चाचपडत काम करणाऱ्याकडून दुसरं काय होणार? माझी आजही तीच खात्री आहे."

"पण अंधार लिहिला असता तर तुमची सही निघाली असती."

मॅडमनी कठड्यावरचा हात काढला. "सोमवारी तोंड उघडलंत तर दोघींचं जाईल, वहिनी. मी तुमच्यासाठी केलेल्या गोष्टीची शिक्षा मला द्याल. दादाला काय सांगणार?"

"त्याला सांगून झालंय."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, छोटीने पहिल्यांदा माझ्या बायकोसाठी काहीतरी केलं आणि तेही चुकलं."

मॅडम बाजूला झाल्या नाहीत. वहिनीला भिंतीला घासून उतरावं लागलं.

*

सोमवारी अध्यक्षांचा डावा कान अजून वहिनीकडेच होता. तिने सर्व्हिस शीट टेबलावर ठेवलं आणि सांगायला लागली. ट्यूब, अर्धशिशी, अर्जात न लिहिलेली गोष्ट, तीन वर्षं. 'उजेड' हा शब्द तिसऱ्यांदा आला तेव्हा अध्यक्षांनी खुर्ची वळवली.

"म्हणजे तुमचं म्हणणं," ते म्हणाले, "उजेडात निरोप्या जागा असतो आणि दांडगा दहापट होतो. अंधारात निरोप्याला खबरच मिळत नाही, तेव्हा तो असला काय आणि नसला काय. दोन्ही रकाने सारखे."

"हो, सर."

"मला एक विचारायचंय," मॅडम म्हणाल्या. "अंधारात नळ्या कशा ओळखल्या?"

"दांडग्याच्या नळीला रबरबँड."

"रबरबँड!" मॅडम समितीकडे वळल्या. "ऐकलंत? तीन वर्षांचं संशोधन रबरबँडवर."

"बुधवारी तुमच्या कॅबिनेटमध्येही तोच रबरबँड होता, मॅडम. तेव्हा तुम्हाला चालला."

गप्प बसणाऱ्या सभासदांपैकी एक खोकला.

अध्यक्षांनी कुलूपला बोलावून घेतलं. पुन्हा प्रयोग करायचा, अर्धा पांढऱ्या ट्यूबखाली, अर्धा अंधारात. कुलूप म्हणाला, अंधारात नाही. नियम पाच. समिती असो नाहीतर देव असो.

"लेबल वाचता आलं पाहिजे, एवढंच ना?" वहिनीने विचारलं.

"एवढंच."

"दिव्याचा रंग लिहिलाय नियमात?"

कुलूपने नियम काढून वाचला. मग तो दुसऱ्यांदा वाचला. "नाही."

"झाडांतलं ते प्रथिन निळा उजेड ओळखतं. लाल त्याला दिसत नाही. मी लाल दिवा लावते."

मॅडमनी दोन अटी घातल्या. नळ्यांना आकडे कुलूपने द्यायचे आणि यादी पाकिटात बंद करून स्वतःकडे ठेवायची. आणि थाळ्या मोजायच्या त्या मॅडमनी स्वतः. "मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवते," त्या म्हणाल्या. "बाकी कुणाच्या नाही."

दोन्ही अटी वहिनीने मान्य केल्या.

लाल दिवा शोधायला वेळ नव्हता. नवऱ्याने सायकलच्या मागचा दिवा काढून दिला आणि शेजाऱ्याच्या सायकलचाही मागून आणला. "परत आण," म्हणाला. "मागून कोणी ठोकलं तर दुसराही खुबा जाईल." कुलूपने दोन्ही दिवे लावून त्यांच्या उजेडात लेबल मोठ्याने वाचलं, अक्षर अन् अक्षर, आणि मान डोलावली.

*

मंगळवारी वहिनीने सोळा नळ्यांचं काम केलं. आठ एक नंबरमध्ये पांढऱ्या ट्यूबखाली, आठ दोन नंबरमध्ये दोन लाल दिव्यांत. या वेळी रबरबँड नव्हता. कुठली नळी कुणाची हे तिलाही माहीत नव्हतं. एक नंबरमध्ये दुसऱ्या तासाला डावा डोळा ठणकायला लागला. इंटरकॉमवर कुलूपने विचारलं, "ठीक?"

"डोकं दुखतंय," ती म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदाच. "काम चालू आहे."

"नोंद केली," कुलूप म्हणाला.

सहा दिवसांनी मॅडम टोपी आणि दोन-दोन हातमोजे घालून आत थाळ्या मोजायला बसल्या. त्या चांगलं मोजत. थाळी काचेवर ठेवायची, पेनाने प्रत्येक वसाहतीवर ठिपका द्यायचा, बटण दाबायचं. वसाहती एकमेकींना चिकटलेल्या असतील तिथे त्या भिंग घेत आणि चिकटलेल्या दोन्ही वेगळ्या मोजत. शंका आली की थाळी पहिल्यापासून. दीड तासात सोळा थाळ्या झाल्या. बाहेरच्या खोलीत वहिनी पडद्यावर पाहत होती. बारा वर्षं दहापट कशी निघत आली असेल याबद्दल तिने मनात जे काही वाईट विचार केले होते, ते त्या दीड तासात एकेक करून सोडून द्यावे लागले. त्याचा तिला राग आला.

मॅडमनी आकडे कॅमेऱ्यासमोर धरले. कुलूपने पाकीट फोडलं. अध्यक्षांनी यादी बघत आकडे फळ्यावर चार रकान्यांत मांडले. पांढऱ्या ट्यूबखाली दांडगा मवाळच्या साडेनऊपट. लाल दिव्यात दोन्ही सारखे. सारखे म्हणजे एकशे अठरा आणि एकशे एकवीस, एकशे सात आणि एकशे चार, अशा चारही जोड्या.

अध्यक्ष पडद्यावर मॅडमनी धरलेल्या कागदाकडे बघत होते. अक्षर मॅडमचं होतं.

"हा रकाना कुणी कॉपी केला?" त्यांनी विचारलं.

स्पीकरमधून मॅडमच्या टोपीतला पंखा ऐकू येत होता.

*

निकाल शुक्रवारी लागला, पाऊण पानाचा. आकडे बनावट असल्याचा आरोप टिकत नाही. संशोधिकेचे आणि विभागप्रमुखांचे, दोघींचेही आकडे बरोबर आहेत. संशोधिकेने तब्येतीची माहिती लपवली आणि नियम पाच मोडला, सबब परवाना दोन वर्षांसाठी रद्द. विभागप्रमुखांनी नियमभंग माहीत असून वर कळवला नाही, सबब बंद प्रयोगशाळेचा ताबा त्यांच्याकडून काढून घेण्यात येत आहे. उजेडाचं पुढचं काम तिसऱ्या व्यक्तीकडे द्यावं. वाचून दाखवताना अध्यक्ष 'दोघींचेही' या शब्दापाशी थांबले, जणू कोणीतरी त्यांचे आभार मानेल. दोघी खिडकीबाहेर बघत होत्या, वेगवेगळ्या खिडक्यांच्या.

कुलूपच्या टेबलापाशी दोघी एकाच वेळी पोचल्या. त्याने हात पुढे केला. वहिनीने गळ्यातलं कार्ड काढून दिलं. त्याने कात्रीने त्याचे दोन तुकडे केले आणि नोंदवहीत दोन्ही तुकडे टाचले. मॅडमनी किल्ल्यांचा जुडगा ठेवला. त्याने किल्ल्या मोजल्या.

"खूष?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"व्हायला हवं. नाव राहिलं तुमचं."

"प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून तुमचंही राहील. सही लागेल तुमची."

"करीन. आधी वाचीन. दुसरं प्रकरण अतिशय वाईट लिहिलंय." मॅडमनी पर्स खांद्याला लावली. "एक लक्षात ठेवा. मी बारा वर्षं दिवा लावून बसले म्हणून मला ती दहापट सापडली."

"आणि मी दिवा घालवून बसले म्हणून मला उरलेलं सापडलं."

"तुम्हाला काही सापडलं नाही, वहिनी. तुमचं डोकं दुखत होतं."

"तुमचं एकदा तरी दुखायला हवं होतं, वन्सं," वहिनी म्हणाली. संस्थेत तो शब्द तिने पहिल्यांदाच वापरला. कुलूपने मान वर करून पाहिलं.

मॅडम निघून गेल्या. वहिनी तिथेच थांबली.

"ते दोन लाल दिवे," ती म्हणाली. "सायकलचे. नवरा विचारतोय."

"आत गेलेली वस्तू जंतू मारायच्या वाफेतून काढल्याशिवाय बाहेर येत नाही," कुलूप म्हणाला. त्याने खणातून एक पिशवी काढून तिच्यासमोर ठेवली. आत लाल प्लॅस्टिकचा एकच गोळा होता, त्यातून दोन स्क्रू बाहेर आलेले. "सही करा. वस्तू मिळाली म्हणून."

तिने सही केली.